सरांचं तोंड

सरांना माणसांची नावं कधी लक्षात राहिली नाहीत. तोंडं राहायची. खामगावच्या बाजारात कुणी समोरून येऊन "नमस्कार डॉक्टरसाहेब" म्हणालं, की सर त्याच्याकडं कोरं बघत उभे. मग तो माणूस ओशाळून हसला, की यांचा चेहरा एकदम उजळायचा. "हाव! खालची उजवी अक्कलदाढ. आडवी बसली होती. तुम्ही नांदुऱ्याकडले." ती दाढ काढून सात-आठ वर्षं झालेली असायची. तिची मुळं कशी वाकडी होती ते सर भर रस्त्यात बोटांनी दाखवायचे, आणि तो माणूसही लांबच्या नातेवाइकाची खुशाली ऐकावी तसा ऐकत राहायचा.

लग्नात आहेर म्हणून सर दात घासायचे ब्रश न्यायचे. घरात जितकी माणसं, तितके ब्रश, आणि प्रत्येकाच्या दांड्यावर नाव. नावं गोळा करायचं काम काकूंचं, म्हणजे त्यांच्या पत्नीचं. एकदा नवरीच्या ब्रशवर माहेरचं नाव घालावं की सासरचं, यावर त्यांच्या घरी दोन दिवस वाद झाला. शेवटी सरांनी तिला दोन ब्रश दिले.

मी दंतवैद्यकाची पदवी घेऊन त्यांच्याकडं कामाला लागले, त्याला आता सहा वर्षं झाली. मी जळगाव जामोदची, शिक्षकाची मुलगी. खामगावात खोली घेऊन राहायचे. दवाखाना बाजारात पहिल्या मजल्यावर, खाली तेलाचं दुकान. जिना चढताना सरकीच्या तेलाचा वास यायचा आणि वरच्या चार पायऱ्यांवर तो लवंगेच्या वासात हरवायचा. पहिल्या दिवशी मी मोठ्या उत्साहानं तोंडात बघायचा छोटा आरसा हातात घेतला. सरांनी तो माझ्या हातातून काढून स्वतःच्या खिशात टाकला.

"हात पाठीमागं," ते म्हणाले.

"म्हणजे, सर?"

"म्हणजे पाठीमागं. एकात एक. दोन मिनिटं नुसतं पाह्याचं. घडी आहे भिंतीवर."

दोन मिनिटं फार मोठी असतात, हे मला तेव्हा कळलं. पेशंट तोंड उघडून बसलेला आणि मी शाळेत शिक्षा झाल्यासारखी उभी. सर मागून क्रम सांगायचे. आधी ओठ, मग दोन्ही गाल, जीभ वरून, जीभ कडेनं, जिभेखाली, टाळू. "दात शेवटी. दात कुठी पळून नाई जात. बाकीचं पळून जाते." आरसा मला सव्विसाव्या दिवशी परत मिळाला. मी दिवस मोजले होते.

आमच्या भागात तंबाखू-सुपारीचा खर्रा आणि गुटख्याच्या पुड्या खाणारे पुष्कळ. त्यांच्या गालांत पांढरे चट्टे येतात, हळूहळू तोंड उघडेनासं होतं, आणि एखाद्याच्या बाबतीत गोष्ट त्याच्याही पुढं जाते. असा संशय आला, की सर त्याला गालातला तुकडा काढून तपासून घ्यायला अकोल्याला पाठवायचे. निम्मे लोक जायचेच नाहीत. बुधवारी दवाखाना बंद असायचा आणि त्या दिवशी सर एसटीनं अशा लोकांच्या गावी जायचे. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात मी त्यांच्याबरोबर गेले होते. तो माणूस आम्हाला बघून मागच्या दारानं शेतात गेला. सर त्याच्या ओट्यावर बसले. दुपारी तिथंच डबा खाल्ला, मग त्याच्या म्हाताऱ्या आईबरोबर तुरीच्या शेंगा सोलत बसले. चार वाजता तो आला.

"किती वेळ बसता डॉक्टर?"

"तू येशीन तोवर."

"अन् आलोच नसतो तं?"

"मंग तुह्या मायच्या साऱ्या शेंगा सोलून झाल्या असत्या."

दुसऱ्या दिवशी तो अकोल्याला गेला. आजही तो दवाखान्यात तपासणीला येतो. आता खालच्याच तेलाच्या दुकानात पाठीवर डबे वाहायचं काम करतो.

असा माणूस, आणि स्वतःचं तोंड मात्र कुणाला दाखवत नसे. हसताना हात आडवा. जांभई आली की तोंड भिंतीकडं. पहाटे अंगणात दात घासायचे तेही कुंपणाकडं वळून, असं काकू सांगायच्या. एकदा मी सहज म्हणाले, "सर, तुमचीही एकदा तपासणी करून घेऊ." त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. "माहं तोंड बोलासाठी आहे, दाखवासाठी नाई," म्हणाले आणि पुढचा पेशंट बोलावला.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडं स्कॉटलंडहून एक विद्यार्थिनी आली. तिकडच्या दंत महाविद्यालयात चौथ्या वर्षानंतर सहा आठवडे परदेशातल्या दवाखान्यात काढायची सोय असते. सरांच्या वर्गमित्राची मुलगी तिकडं शिकवत होती, तिच्या ओळखीनं ही खामगावला आली. उंच, लाल केसांची, पाठीवर स्वतःच्या वजनाची पिशवी. शोभाताईंनी, म्हणजे आमच्याकडं पेशंटची नावं पुकारणाऱ्या बाईंनी, वही पुढं ओढून तिला नाव विचारलं.

"आयला," ती म्हणाली.

शोभाताईंनी पदर तोंडाला लावला. बाकावरचे सगळे पेशंट वर बघायला लागले. तिनं पुन्हा, जरा मोठ्यानं आणि हसून सांगितलं, "आयला!" तिकडं मुलींचं ते साधं, चांगलं नाव आहे. पण बाहेर बसलेल्या एका काकांनी "काय झालं हो ताई, कोणाले शिव्या देता?" असं विचारलं आणि मग कुणालाच हसू आवरेना. सर बाहेर आले, प्रकरण ऐकून घेतलं आणि हात आडवा धरून निकाल दिला, "हिले ईशा म्हणा. आजपासून ईशाताई." तिला नेमकं काय झालं ते मी चार दिवसांनी समजावून सांगितलं. ती जिन्यात बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

पण पहिल्या आठवड्यात हसण्यासारखं एवढंच होतं. एका बाईंची हलणारी दाढ काढायची होती. ईशानं हातमोजे चढवले आणि चिमट्याकडं हात नेला. सरांनी तिचं मनगट धरलं.

ते दोघं इंग्रजीत बोलले. ईशा म्हणाली, "मी सहा आठवडे नुसती उभी राहायला आलेले नाही. माझे वर्गमित्र दुसऱ्या देशांत गेलेत. ते रोज दहा-दहा दात काढतायत."

"त्या लोकांना कोणी विचारलं का," सर म्हणाले, "की शिकणाऱ्यानं काढला तर चालेल का? तुझी इथं नोंदणी नाही. कायद्यानं तुला हात लावता येत नाही. आणि कायदा नसता तरी मी लावू दिला नसता. आमच्या लोकांची तोंडं तुझ्या सरावासाठी नाहीत." मग रागाच्या भरात ते वऱ्हाडीवर आले, "हात पाठीमागं!"

तिला शब्द कळले नाहीत, पण अर्थ कळला. मान लाल झाली तिची. संध्याकाळी तिनं मला मलकापूरहून मुंबईला जाणाऱ्या गाड्या विचारल्या. मी मोबाइलवर बघून वेळा सांगितल्या, तिनं त्या लिहून घेतल्या. मला वाटलं, गेली. सकाळी मी जिना चढून आले तर दवाखान्याच्या कुलूप लावलेल्या दारासमोर ती उभी. हात पाठीमागं.

"गेली नाहीस?" मी विचारलं.

"घरी जाऊन काय सांगू? मला उभं राहता आलं नाही, असं?"

त्यानंतर तिनं पुन्हा चिमट्याकडं बघितलं नाही. ती पेशंटच्या तोंडाकडं बघायची. दोन मिनिटं झाली तरी हलायची नाही, सरांनाच "बस" म्हणावं लागायचं. रोज काकूंकडून पाच वाक्यं शिकून यायची आणि पेशंटवर वापरायची. "मावशी, दुखून राह्यलं काय?" "जीभ बाहेर काढा, घाबरू नोका." पुण्याहून माहेरी आलेली एक बाई ते ऐकून म्हणाली, अगं, हिला जरा शुद्ध मराठी शिकवा ना. सर शांतपणे म्हणाले, "हिच्या पेशंटले समजते ते शुद्ध." तिसऱ्या आठवड्यात अशी वेळ आली, की मला जे दोन मिनिटांत दिसायचं ते तिला एका मिनिटात दिसायला लागलं. मला थोडा राग यायचा. खोटं कशाला सांगू.

ईशा सरांच्याच घरी वरच्या खोलीत राहायची आणि जेवायला त्यांच्या पंगतीला असायची. चौथ्या आठवड्यात एका दुपारी पेशंट नव्हते, सर खाली तेलवाल्याशी बोलत होते, तेव्हा ती माझ्याजवळ आली.

"सर भाकरी दुधात बुडवून खातात," ती म्हणाली. "मी आले तेव्हा ठेचा खायचे. आता काकू वाढायला लागल्या की ताट बाजूला घेतात. घास उजवीकडंच. आणि काही शब्द जड झालेत त्यांचे. तुझ्या लक्षात आलंय का?"

माझ्या लक्षात आलं होतं. तिच्या आधीपासून. दोन-तीन महिने झाले, सर पेशंटला लांबलचक समजावून सांगायचं काम मला द्यायला लागले होते. मधूनच तळहात डाव्या जबड्यावर जायचा. चहा गार करून प्यायचे. मला वाटायचं, दाढ दुखत असेल. खरं म्हणजे तसं वाटून घ्यायचं ठरवलं होतं मी.

"जाऊ दे," मी म्हणाले. "ते नाही दाखवणार."

"पेशंट असता तर जाऊ दिलं असतंस?"

"ते पेशंट नाहीत."

"मग कोण आहेत?"

सर माझे सर होते, एवढंच उत्तर माझ्याकडं होतं आणि ते पुरेसं नाही हे तिच्यासमोर बोलायच्या आधीच मला कळलं होतं.

सर वर आले. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि मराठीत म्हणाली, "सर, बसा. जीभ बाहेर काढा. घाबरू नोका."

शोभाताईंच्या हातातली वही खाली पडली. सरांचा चेहरा असा झाला, की मी दोन पावलं मागं सरले. "घरी जाय," ते तिला म्हणाले. "उद्यापासून यायचं काम नाई. तुह्या कागदावर सही करून देतो, सहा आठवडे भरले म्हणून. जाय."

दुसऱ्या दिवशी ती आली. कोपऱ्यात उभी राहिली. हात पाठीमागं. पण आज पेशंटकडं बघत नव्हती, सरांच्या तोंडाकडं बघत होती. सर डावीकडं वळले की ती मान डावीकडं करायची. दोन मिनिटं, पाच मिनिटं, सकाळभर. सर तिला बघितलं न बघितल्यासारखं करून काम करत राहिले. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्यांच्या हातातून सुई निसटली, तेव्हा ते माझ्यावर ओरडले, "तिले सांग, माह्या तोंडाकडं पाहू नोको!"

दार उघडं होतं. बाहेर बाकावर बसलेली एक म्हातारी, जिच्या गालातला चट्टा सर दर महिन्याला तपासायचे, तिथूनच म्हणाली, "काऊन डॉक्टर? पाहू द्या नं पोरीले. आमचं तं तुम्ही रोजच पाहता."

सरांनी दार लावून घेतलं.

त्या दुपारी काकू डबा घेऊन आल्या. एरवी त्या डबा शोभाताईंकडं देऊन जायच्या. आज आत आल्या आणि डबा टेबलावर ठेवून उभ्याच राहिल्या. ईशानं त्यांना घरी काय सांगितलं, किती त्यांना आधीच ठाऊक होतं, हे मी कधी विचारलं नाही. त्या सरांकडं हात करून मला म्हणाल्या, पण ऐकवत त्यांनाच होत्या.

"यायले लहानपणी आठवडी बाजारात नेलं होतं. आठ वर्षांचे होते. बाजारात एक जण बसे दात काढणारा, रस्त्यावर. बापानं हात धरले, चुलत्यानं डोकं धरलं. त्या माणसानं चांगलाच दात काढला. मंग म्हणे चुकला, अन् पुन्हा दुसरा काढला. तेव्हापासून कोणाच्या पुढं तोंड नाई उघडलं यायनं. चाळीस वर्षं झाली लग्नाले, मलेबी नाई दाखवलं. मी म्हणलं, असू द्या. दातांचे डॉक्टर झाले, खुर्चीच्या या बाजूनं उभे राह्यले, आता भेव गेलं असन." त्या थांबल्या. "नाई गेलं. मले माहीत होतं नाई गेलं."

मग सरांकडं वळून, अगदी हळू, "बसा तुम्ही आता."

खालून तेलाचे डबे सरकवल्याचा आवाज येत होता. मग सर खुर्चीत जाऊन बसले. स्वतःच्याच खुर्चीत कुठं पाय ठेवायचा ते त्यांना कळेना. ईशा पुढं आली तसा त्यांनी हात वर केला.

"तिले परवानगी नाई. तू पाह्य."

मी आरसा उचलला. सर म्हणाले, "हात पाठीमागं. आधी पाह्य." आणि डोळे मिटून त्यांनी तोंड उघडलं.

मी घड्याळाकडं बघितलं नाही. ओठ, गाल. जीभ वरून. जीभ कडेनं. डावीकडं, मागच्या बाजूला, तुरीच्या दाण्याएवढी जखम होती. कडा उचललेल्या, मधे खोलगट. तिच्या समोर खालची एक दाढ तुटलेली, तिचा कंगोरा सुरीसारखा. किती वर्षं तो कंगोरा जिभेला घासत होता, देव जाणे. हजारो लोकांचे असले कंगोरे या माणसानं घासून गुळगुळीत केले होते.

मग परवानगी मागून मी बोट लावलं. कडा टणक लागली.

"काय दिसलं?" सरांनी विचारलं.

"दाढ तुटलीय, सर. डावी, खालची…"

"दात शेवटी."

मी सगळं सांगितलं. जागा, आकार, कडा, टणकपणा. ते पेशंटच्या नातेवाइकासारखे ऐकत होते. मग म्हणाले, "दिवस किती झाले असन?"

"तीन महिने. कदाचित जास्त."

"तुले कधी समजलं?"

"शंका होती, सर."

त्यांनी डोळे उघडले. "ते पोरगी महिनाभर आली इथी. तिनं सांगतलं. अन् तुले तीन महिने नुसती शंकाच होती?"

एवढंच. पुन्हा कधीही ते हे बोलले नाहीत. पण त्या खुर्चीच्या बाजूला उभं राहून मला जी लाज वाटली, ती मी आजही प्रत्येक पेशंटच्या वेळी खिशात घेऊन फिरते. ओळखीचा माणूस असला, वयानं मोठा असला, रागीट असला, की मी आता आधी त्यालाच बसवते.

अकोल्याला तुकडा तपासायला दिला तेव्हा ईशा आणि मी बरोबर होतो. अहवाल आला तो आम्हाला वाटलं होतं तसाच आला. कर्करोग होता, पण लहान होता. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणखी महिनाभर गेला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. ईशाचे सहा आठवडे संपले होते. मलकापूरला गाडीवर सोडायला सर स्वतः आले. फलाटावर त्यांनी तिची ती भली मोठी पिशवी कुणाला उचलू दिली नाही. गाडी सुटताना ती दारातून ओरडली, "सर, घाबरू नोका!" फलाटावरची माणसं वळून बघायला लागली. सरांनी हसत हात वर केला. तोंडावर हात घ्यायला विसरले होते ते.

नागपूरला त्यांच्या जिभेच्या डाव्या कडेचा भाग काढला, मानेतल्या गाठीही काढल्या. गाठी स्वच्छ निघाल्या. किरणं द्यावी लागली नाहीत. तेवढे दिवस मी एकटीनं दवाखाना चालवला. लोक जिन्यातून डोकावून "मोठे डॉक्टर नाईत काय?" विचारून परत जायचे. बुधवारी मी तपासणी टाळणाऱ्यांच्या गावी जायचे. दोन वेळा एसटी चुकली, एका घरी कुत्रं अंगावर आलं, पण बसले. ओट्यावर बसलं की लोक येतात, हे खरं आहे.

सर परतले तेव्हा त्यांचं बोलणं मला ओळखू येईना. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना एक पाटी दिली होती, थकलात की लिहून दाखवा म्हणून. ती पाटी त्यांनी शोभाताईंच्या नातवाला देऊन टाकली. सगळ्यात अवघड अक्षरं होती त, थ, द, न. त्यासाठी जिभेचं टोक दातांना लावावं लागतं आणि ते पोचत नव्हतं. दातांच्या डॉक्टरला दात म्हणता येईना. रोज सकाळी दवाखाना उघडायच्या आधी अर्धा तास ते खिडकीशी उभे राहून "दात, दात, दात" म्हणायचे आणि बाहेर यायचं ते "गाक" असं काहीतरी. खालून तेलवाला ओरडायचा, "डॉक्टर, आज कालच्याहून बरं आहे!" मी ऐकून ऐकून सांगायचे, नाही सर, अजून नाही. मला ते सांगायला लावायचे. मान डोलवायची नाही, गोड बोलायचं नाही, असा त्यांचा हुकूम होता. मी एकदा न समजता हो म्हणाले तर तेच वाक्य त्यांनी मला परत म्हणून दाखवायला लावलं.

सर पुन्हा पेशंट बघायला लागले, त्या पहिल्या दिवशी एक शेतकरी खुर्चीत बसला. सर त्याच्याजवळ गेले, आणि खणखणीत आवाज आला, "आ!" त्यानं तोंड उघडलं. सर माझ्याकडं वळून हसले. त्या एका शब्दाला जीभ लागत नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी ईशाच्या महाविद्यालयातून एक पत्र आलं. तिच्या कामाबद्दल मार्गदर्शकाचा अभिप्राय हवा होता, आजारपणामुळं तो राहून गेला होता. प्रश्न इंग्रजीत होते. मी एकेक वाचायचा, सर वऱ्हाडीत सांगणार, मी इंग्रजी करून संगणकावर लिहायचं, असं ठरलं. दुपारची वेळ होती. चार प्रश्नांना तास लागला, कारण प्रत्येक वाक्य मला तीन-तीनदा विचारावं लागत होतं आणि ते एकदाही कंटाळले नाहीत.

स्थानिक भाषेत संवाद साधता आला का?

"हाव. फक्त ळ नाई येत तिले," सर म्हणाले. थोडं थांबून, "पण आपल्या निम्म्या वऱ्हाडाले कुठी येते? डोळ्याले डोयाच म्हणतात सारे. लिहू नोको हे."

विद्यार्थिनीची सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणती वाटली?

या प्रश्नाला ते उठून खिडकीशी गेले. परत येऊन बसले. "तिनं पाह्यलं," ते सावकाश म्हणाले, "अन् सांगतलं. दोन्ही केलं."

मला हे वाक्य पहिल्याच खेपेला समजलं. तरी मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं, माझ्याकडं बघून, रागानं नाही. मी ते लिहिलं. शब्द न शब्द.

शेवटचा प्रश्न होता, पुढील वर्षी या महाविद्यालयाचा विद्यार्थी घेण्याची तुमची तयारी आहे का?

सर दमले होते. कपाळावर घाम होता. त्यांनी मान हलवली, हो, आणि दोन बोटं वर केली.

मी कळांवरून हात काढून घेतले. "बोटं नको, सर. बोला."

मग त्यांनी प्रयत्न केला. आलं ते भलतंच काही. मी मान हलवली, नाही. त्यांनी पाण्याचा घोट घेतला, ओठ पुसले, पुन्हा म्हणाले. अजून नाही. शोभाताई दारात येऊन उभ्या होत्या, बाहेर पेशंट खोळंबले होते, आणि मी सरांच्या तोंडाकडं बघत होते. तिसऱ्या खेपेला जिभेचा शेंडा सरकत सरकत वरच्या दातांपर्यंत पोचलेला मला दिसला.

"दोन," सर म्हणाले. "दोन पोरी पाठवा म्हणावं."

मी लिहिलं.